घाई फक्त डोळ्याची

सोलापूर,
हुरड्याचे दिवस

प्रिय बाळ,

परवा फोनवर तू कुंभारीच्या अश्विनी महाविद्यालयाच्या ओपीडीत आलेल्या त्या बाईंबद्दल सांगत होतीस, मागून कोणीतरी तुला हाका मारत होतं आणि आपलं बोलणं अर्धंच राहिलं. तेव्हापासून जे मनात घोळतंय ते आज चहा झाल्यावर लिहायला बसले आहे. तू हे रात्री सवडीने वाच, आणि जेवण झाल्यावरच वाच, कारण वॉर्डातून परतलीस की ताट झाकून ठेवून आधी पुस्तक उघडतेस, हे तुझ्या आईने मला सांगून ठेवलेलं आहे.

बाई गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या, विडी कामगार. 2006 साली तिथे 10,000 विडी कामगार बायकांना हक्काची घरं मिळाली, तेव्हा आमच्या दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी जणी पेढे घेऊन आल्या होत्या, म्हणून त्या वसाहतीचं नाव निघालं की मला आपलेपणा वाटतो. तर या बाईंच्या चेहऱ्याची उजवी बाजू वर्षभर उतरत चाललेली. 'तोंडावरून वारं गेलंय' असं घरच्यांनी ठरवलं, कुठेतरी दोनदा गोळ्या झाल्या, शेकून झालं, तेलही झालं. आणि तू काय केलंस? तू त्यांना स्टुलावर बसवलंस आणि विचारलंस की हे एका रात्रीत झालं की हळूहळू होत गेलं. बाळ, ओपीडीत शंभर माणसं दाराशी उभी असताना हा प्रश्न विचारायला थांबलीस, यातच मला सगळं मिळालं. तुझं मन चांगलं आहे, हात हलका आहे, अभ्यास तर तू करतेसच. त्याची मला कधी काळजी वाटली नाही. काळजी वाटते ती एकाच गोष्टीची. तुमच्या पिढीला सगळं लवकर हवं असतं, आणि ही चेहऱ्याची नस घाई करणाऱ्याला काही देत नाही.

आधी नेहमीच्या दुखण्याचं बोलू, म्हणजे नेहमीचं नसलेलं ओळखता येईल. सर चार्ल्स बेल यांनी 1821 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चेहऱ्याच्या नसांचं काम मांडलं, आणि त्यांचंच नाव त्या वाकड्या तोंडाला मिळालं. बेल्स पाल्सी येते तीच मुळी घाईने. माणूस रात्री नीट झोपतो आणि सकाळी चूळ भरताना पाणी एका कोपऱ्यातून ओघळतं. दोन-तीन दिवसांत जे व्हायचं ते होऊन जातं. तिचं बरं होण्याचं वेळापत्रकही ठरलेलं आहे. डेन्मार्कमध्ये पायटरसन नावाच्या डॉक्टरांनी असे 1,701 रुग्ण काही औषध न देता नीट पाहिले, थोडेथोडके नव्हेत, 25 वर्षांच्या काळातले. त्यांतल्या 85 टक्क्यांचा चेहरा तीन आठवड्यांच्या आत हलायला लागला, उरलेल्यांचा तीन ते पाच महिन्यांत, आणि 71 टक्के पूर्ववत झाले. (आता आपण पहिल्या 72 तासांत स्टेरॉइड देतो, त्याने आणखी बरे होतात, ते देताना साखर तपासायला विसरू नकोस, आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे.) या आकड्यांत तुझ्या बाईंसाठी एक मोठी गोष्ट दडलेली आहे, ती अशी की बेल्स पाल्सीत काही ना काही हालचाल परत येतेच. चार-पाच महिने होऊन गेले आणि एक सुरकुतीही हलली नाही, किंवा तीन आठवड्यांनंतरही चेहरा आणखी उतरतच चालला, किंवा त्याच बाजूला पुन्हा पुन्हा झालं, तर तिला बेल्स पाल्सी म्हणत राहू नये. अशा वेळी नसेवर काहीतरी बसलं आहे का, हे शोधायला निघायचं.

आणि शोध कुठून सुरू करायचा माहीत आहे? आधार कार्डापासून. हसू नकोस. हळूहळू उतरलेला चेहरा घरच्यांना दिसत नाही, रोज समोर असलेलं माणूस बदललेलं कळत नाही. पण ओपीडीत आलेल्या प्रत्येकाकडे आधार कार्ड असतं, रेशन कार्ड असतं, मोबाइलमध्ये भाचीच्या लग्नातला नाहीतर गड्ड्याच्या जत्रेतला फोटो असतो. ते एकाशेजारी एक ठेवून नाकाच्या बाजूची घडी बघ, ओठाचा कोपरा बघ, भुवईची उंची बघ. एखाद्या फोटोत, जेव्हा त्या बाईंना स्वतःला काहीच जाणवत नव्हतं, तेव्हाची एक बारीकशी उतरण सापडेल. या नसेतले निम्म्याच्या आसपास तंतू कामातून गेले तरी चेहरा सरळ दिसू शकतो, इतकी ही नस सोशिक आहे. म्हणून रोग्याने सांगितलेली तारीख आणि गाठीची तारीख यांत कधी कधी वर्षांचं अंतर असतं.

मग विचारायचं आणि बघायचं. डोळा लवतो का? आपल्याकडे डोळा लवला की लोक शकुन काढतात, आणि बहुतेक वेळा ते लवणं निरुपद्रवीच असतं, जागरणाचं नाहीतर चहाचं. पण एका बाजूचा डोळा, गाल आणि ओठाचा कोपरा मिळून महिनोन्‌महिने फडफडत असतील तर कान टवकार. त्याच बाजूने ऐकू कमी येतं का, कानात आवाज येतो का, चव गेल्यासारखी वाटते का? ट्यूनिंग फोर्क वाजवून बघ, कानाच्या पडद्यामागे वरच्या भागात काही फिकट, गोलसर दिसतंय का ते दुर्बिणीने बघ, आणि कानाच्या पुढे-खाली बोटं फिरवून पॅरोटिड लाळग्रंथी चाचप. या वसाहतीतल्या बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात आणि भोवतालच्या गावांत कानडी. 'कपाळाला आठ्या घाल, डोळे घट्ट मीट, दात दाखव, गाल फुगव' ही चार वाक्यं तू दोन्ही भाषांत शिकून घे. आपल्या भाषेत सांगितलं की म्हातारी माणसं लाजत नाहीत, जोर लावून डोळे मिटतात, आणि तुला खरी ताकद किती ते कळतं.

आता थोडं त्या नसेच्या घराबद्दल. इटलीतल्या गॅब्रिएले फालोपिओने 1561 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात कानाच्या हाडातल्या ज्या अरुंद वाटेचं वर्णन केलं, तिच्यातून ही नस जाते. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर, आणि सुरुवातीच्या तोंडाशी वाट इतकी चिंचोळी की एक मिलिमीटरही भरत नाही. शरीरातली दुसरी कुठलीही नस इतका लांब प्रवास हाडाच्या आत करत नाही. हाताच्या किंवा पायाच्या नसेला सूज आली तर शेजारचं मांस सरकून जागा देतं. इथे चारी बाजूंनी हाड. म्हणून इथे मुगाएवढी गाठही बोलते. या गाठींपैकी नेहमीची म्हणजे श्वानोमा, नसेच्या तंतूंभोवती वेष्टण करणाऱ्या पेशींची. ती कर्करोग नव्हे, अंगभर पसरत नाही, आणि वाढते तीही बहुतेक वेळा इतकी सावकाश की वर्षभराने काढलेल्या एमआरआयवर मोजपट्टी लावली तरी फरक सापडत नाही. तिची आवडती जागा म्हणजे नस जिथे कोपरा घेऊन वळते ते जेनिक्युलेट गँग्लिऑन, आणि तिथून ती मागेपुढे नसेच्या अंगाने पसरलेली असते. दुसरी असते रक्तवाहिन्यांच्या गुंत्याची, जिला आपण हिमँजिओमा म्हणत आलो. ती आकाराने लहान आणि त्रासाने मोठी. एमआरआयवर ठिपक्याएवढी दिसते आणि चेहरा मात्र पार उतरलेला असतो. तिच्यासाठी हाडाचं सीटी स्कॅन काढावं, त्यात हाड मधाच्या पोळ्यासारखं छिद्राछिद्रांचं दिसतं.

इथे मला काटकसरीबद्दल बोलू दे, कारण ती मला तुझ्या पणजीकडून आली आणि तुझ्यात उतरली आहे हे मी पाहिलं आहे. तू जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून ठेवतेस ना, त्याच हाताने एमआरआयची चिठ्ठी लिही. नुसतं 'मेंदूचा एमआरआय' असं लिहून पाठवलंस तर जाड कापांत ही गाठ निसटते, 'सगळं नॉर्मल आहे' असा कागद येतो, आणि रोगी वर्षभर समाधानाने घरी बसतो. पैसे गेले ते गेलेच, वेळही गेला. चिठ्ठीवर स्पष्ट लिही की गॅडोलिनियम देऊन, बारीक कापांचा, आतल्या कानाच्या नळीपासून थेट पॅरोटिडपर्यंत नसेचा सगळा रस्ता दिसेल असा एमआरआय हवा. आणि रेडिओलॉजीच्या डॉक्टरांकडे स्वतः जाऊन सांग की मला शंका काय आहे. निरोगी नसही काही भागांत थोडी उजळते, तेव्हा नुसत्या उजळण्यावर गाठ म्हणून शिक्का मारायचा नाही. जाडी वाढली आहे का, सीटीत हाडाची वाट गुळगुळीत रुंदावली आहे का, हे दोघांनी एकत्र बघायचं. विडी वळणाऱ्या बाईची एक खेप म्हणजे मांडीवरचं सूप बाजूला ठेवलेला एक दिवस, आणि तेवढ्या विड्या कमी. म्हणून कानाची तपासणी, ऑडिओग्राम, डोळ्याच्या डॉक्टरांचं बघणं, सगळं एकाच खेपेत बसव. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर कोणते कागद लागतात ते आधी विचारून एका चिठ्ठीवर लिहून दे. रोग्याचा दिवस वाचवणं ही डॉक्टरने करायची सगळ्यात मोठी काटकसर.

आणि एक नक्की लक्षात ठेव. या नसेवरच्या गाठीचा तुकडा 'बघूया तरी काय आहे' म्हणून घ्यायचा नसतो. पडद्यामागे गोळा दिसला, चिमटा जवळच आहे, म्हणून घेतलेला तुकडा म्हणजे चालत्या चेहऱ्याचे तंतू असू शकतात. इथे निदान चित्रांवर आणि हकिकतीवर होतं.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. तू म्हणालीस, 'आजी, गाठ दिसली तर लगेच काढायची का?' तुझ्या आवाजात उत्साह होता, आणि तो असावाच. तरुण सर्जनला गाठ दिसली की हात शिवशिवतात, त्यात वाईट काही नाही. पण नीट ऐक. ही गाठ नसेच्या शेजारी येऊन बसलेली नसते, ती नसेचीच असते. तंतू तिच्या अंगावर पसरलेले असतात, पुष्कळदा आतूनही गेलेले असतात. आपल्या सोलापूरचा जुना विणकर हातमागावर गुंता झाला की धागा ओढत नसे, दिवा जवळ घेऊन एकेक पदर सोडवत बसे, आणि सुटणार नाही असं दिसलं तर तेवढाच भाग बाजूला ठेवून माग चालू ठेवी. तोच स्वभाव इथे लागतो. गाठ पूर्ण काढायची म्हणजे बहुतेक वेळा नस कापायची. आणि कापलेली नस कितीही सुंदर जोडली तरी चेहरा पहिल्यासारखा होत नाही. 1985 साली हाउस आणि ब्रॅकमन या दोघांनी चेहऱ्याच्या ताकदीच्या सहा पायऱ्या ठरवून दिल्या, पहिली म्हणजे निरोगी आणि सहावी म्हणजे काहीच हालचाल नाही. नसेचा जोड लावल्यावर फार चांगलं झालं तर माणूस तिसऱ्या पायरीवर येतो. मग ज्याचा चेहरा आज पहिल्या नाहीतर दुसऱ्या पायरीवर आहे, त्याला आपण ऑपरेशन करून तिसऱ्यावर आणायचं का? म्हणूनच जगभरच्या अनुभवी सर्जनांचा कल असा झाला आहे की चेहरा चांगला हलत असेल, गाठ मेंदूवर किंवा आतल्या कानावर दाब देत नसेल, तर थांबायचं. चेहरा तिसऱ्या पायरीच्या खाली घसरू लागला की कापून जोडण्याचा विचार करायचा.

थांबणं म्हणजे विसरणं असा अर्थ मात्र घेऊ नकोस. थांबण्यालाही वही लागते. आधी सहा महिन्यांनी, मग वर्षाने एमआरआय, तोही शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच मापाने. दर वेळी चेहऱ्याचे तेच चार फोटो, त्याच उजेडात. दर वेळी ऑडिओग्राम. रोगी आला नाही तर त्याच्या घरी निरोप. थांबण्याला मुदतही आहे. चेहरा पूर्ण गेला आणि वर्ष-दीड वर्ष तसाच राहिला तर स्नायू वाळत जातात, आणि मग नस जोडून उपयोग राहत नाही. मांडीचा नाहीतर कानशिलाचा स्नायू वापरून ओठ उचलून धरण्याचे निराळे मार्ग घ्यावे लागतात. तुझ्या बाईंचं वर्ष झालं आहे, पण तू सांगितलंस की डोळा जोर लावला तर अजून पूर्ण मिटतो. म्हणजे त्या अजून तिसऱ्या पायरीवर आहेत. आज हातात वेळ आहे, उद्या तो कमी होईल. हे त्यांना आणि त्यांच्या मुलाला समोर बसवून सांग.

मधले मार्गही आहेत, ते विसरू नकोस. कधी गाठीला हात न लावता भोवतालचं हाडच उघडून जागा करून देतात, आणि दाब कमी झाला की चेहरा काही वर्षं तग धरतो, कधी थोडा सुधारतोही. कधी तंतू वाचवत गाठ तेवढी सोलून कमी करता येते. वाढणाऱ्या गाठीसाठी किरणांचा उपाय आहे. लार्स लेक्सेल यांचं पहिलं गामा नाइफ 1968 साली स्टॉकहोममध्ये सुरू झालं, आणि आज मुंबईत हिंदुजा रुग्णालयात ती सोय आहे. यांतला कुठला मार्ग, हे कुंभारीत एकटीने ठरवायचं नाही. अश्विनी महाविद्यालयातले तुझे सर, न्यूरोसर्जन, रेडिओलॉजिस्ट, आणि गरज पडली तर पुण्या-मुंबईत अशा गाठी वर्षानुवर्षं करत असलेले हात, सगळ्यांना विचार. रोग्याला चांगल्या हातात सोपवणं हाही तुझाच उपचार आहे.

दोन ठिकाणी मात्र मी तुला थांबू देणार नाही. पॅरोटिडमध्ये गाठ आहे आणि चेहराही उतरला आहे, असं एकत्र दिसलं तर ते सौम्य समजू नकोस. पॅरोटिडची नेहमीची साधी गाठ, प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा, लिंबाएवढी झाली तरी सहसा चेहरा उतरवत नाही. नसेला खाते ती बहुधा कर्करोगाची. तिथे सुईची तपासणी लगेच आणि पुढचं पाऊलही लगेच.

दुसरी जागा डोळ्याची. चेहऱ्याची नस गेली की डोळा मिटत नाही, आणि उघडा राहिलेला बुबुळाचा पडदा काही दिवसांत सुकून पांढरा पडू शकतो. गाठ वर्षानुवर्षं थांबते, डोळा आठवडाभरही थांबत नाही. म्हणून मी तुला नेहमी पहाटे उठायला सांगत आले. पाचला उठ, सहाला वॉर्डात जा, दिवे लागण्याआधी. रोगी झोपलेला असताना त्याच्या पापण्यांत किती फट राहते ते तेव्हाच दिसतं. नऊच्या राउंडला तो जागा असतो, उठून बसलेला असतो, 'बरं आहे' म्हणतो. पहाटे दोन बोटांनी पापणी हलकेच खाली ओढून बघ, पांढऱ्या भागाच्या खालच्या कडेला लाल पट्टा आला आहे का. आला असेल तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम, झोपताना पापणी नीट मिटवून कागदी चिकटपट्टी. पट्टी अशी लाव की तिची कड बुबुळाला लागणार नाही. हे सगळं बाईंच्या सुनेला स्वतः करून दाखव, मग तिच्याकडून करून घे. विडीच्या तंबाखूची धूळ घरात उडते, म्हणून काम करताना साधा चष्मा घालायला सांग. घाई करायचीच असेल ना बाळ, तर या डोळ्याची कर, आणि मनसोक्त कर.

ऑपरेशनची वेळ कधीतरी येईलच, तेव्हासाठी आतापासून हात तयार कर. टेम्पोरल बोनवर ड्रिल चालवण्याचा सराव सकाळी ओपीडीच्या आधी कर, तेव्हा मन ताजं असतं. आडवी अर्धवर्तुळाकार नलिका, इंकसचा आखूड काटा, खाली डायगॅस्ट्रिकची कड, या खुणा डोळे मिटून सांगता आल्या पाहिजेत, कारण त्या खुणा तुला नसेपर्यंत नेतात. नसेजवळ पोचलीस की दातेरी बर खाली ठेव आणि डायमंड बर घे, आणि पाणी सतत वाहतं ठेव. बर टेकला नाही तरी त्याची उष्णता नसेला भाजते. बर नेहमी नसेच्या लांबीने फिरव, आडवा कधीच नको. हाड पापुद्र्याएवढं पातळ झालं की पाण्याखाली एक फिकट गुलाबी रेघ दिसायला लागते, आणि तिच्यावर एखादी बारीक रक्तवाहिनी. ती रेघ दिसली की हात थांबव, श्वास घे, मॉनिटरचा आवाज ऐक. शेवटचा पापुद्रा ड्रिलने नाही, बारीक हत्याराने उचलायचा. इथेही काटकसर आहेच: लागेल तेवढंच हाड, सोडवेल तेवढीच गाठ, आणि जोडासाठी मानेतली ग्रेट ऑरिक्युलर नस घ्यायची वेळ आली तर अंतर मोजून, ताण पडणार नाही इतकीच लांबी. ती घेतल्यावर कानाची पाळी बधिर राहते हे रोग्याला आधी सांग, म्हणजे कानात फूल घालताना भलतीच भीती वाटणार नाही.

या जोडाची एक हकिकत मला फार आवडते. सर चार्ल्स बॅलन्स नावाच्या ब्रिटिश सर्जनने 1895 साली चेहऱ्याची मेलेली नस खांद्याच्या नसेला जोडून पाहिली. चेहरा हलला खरा, पण खांदा उचलला की हलायचा. तेवढ्यावर त्यांनी समाधान मानलं नाही. आर्थर ड्यूएल यांच्याबरोबर प्राण्यांवर प्रयोग करत करत त्यांनी फालोपिओच्या त्या वाटेतच नसेचा तुकडा बसवण्याची रीत तयार केली आणि 1932 साली ती प्रसिद्ध केली. बॅलन्स तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले होते, आणि मधे 37 वर्षं गेली होती. तुला तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेची चिंता लागली की या म्हाताऱ्याची आठवण काढ.

आणि जोड लावल्यानंतरची वाट, ती तर रोग्याच्या वाट्याची. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे सरकते, त्याहून लवकर तिला कोणी पळवू शकत नाही. सहा महिने आरशात काहीच दिसणार नाही, मग गालाला थोडा ताठपणा येईल, मग ओठाचा कोपरा हलेल, आणि सुधारणा पुढे दीड-दोन वर्षं होत राहील. हसताना डोळा थोडा मिटेल, जेवताना गाल ओढल्यासारखा होईल. तंतू परतताना थोडे वाट चुकतात, त्याला इलाज फिजिओथेरपीचा आणि आरशासमोरच्या सावकाश व्यायामाचा. जोर लावून, घाईने केलेला व्यायाम उलटा पडतो. हे सगळं ऑपरेशनच्या आधी सांग. 'सहा महिने काही दिसणार नाही' हे ज्याला आधीच माहीत असतं, तो सहा महिने शांतपणे काढतो. ज्याला माहीत नसतं, तो दुसऱ्या महिन्यात सगळं फुकट गेलं म्हणून यायचं सोडतो.

बाईंशी बोलताना 'गाठ' हा शब्द उच्चारलास की त्यांच्या तोंडचं पाणी पळेल, म्हणून त्याच श्वासात 'ही कर्करोगाची दिसत नाही, आणि आपण तिच्यावर नजर ठेवून आहोत' हेही सांग, आणि सांगून झाल्यावर उठू नकोस. पाच मिनिटं तशीच बस. खरे प्रश्न तेव्हा येतात: पोरीच्या लग्नात फोटो कसा निघेल, कारखान्यात बायका काय म्हणतील, जेवताना पदर धरावा लागतो त्याचं काय. एमआरआयवर ते दिसत नाहीत, आणि त्या बाईंसाठी तोच खरा आजार असतो.

तेव्हा उद्या एवढं कर. त्यांचा जुना एमआरआय असेल तर मागवून घे आणि तो कोणत्या कापांचा आहे ते बघ. नवा नीट चिठ्ठी लिहून काढ. आजच्या तारखेचे चार फोटो आणि पायरी वहीत लिही. पुढच्या भेटीची तारीख त्यांच्या केसपेपरवर आणि तुझ्या वहीत, दोन्हीकडे लिही. आणि डोळ्याची बाटली, मलम, चिकटपट्टी हातात देऊनच घरी पाठव. अहवाल आला की मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. ज्वारीचं नवं पीठ दळून ठेवलं आहे, शेंगाची चटणीही केली आहे. रविवारी सुटी मिळाली तर ये, नाहीतर अक्कलकोट रस्त्याने येणाऱ्या कोणाच्या हाती पाठवते. लवकर झोप.

तुझी,
आजी